सोलापूरच्या सपाटीवरून सायकलने सह्याद्री ओलांडायचा असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही सोलापुरात राहता, रोज पहाटे ३० ते ४० किलोमीटर सायकल चालवता आणि पंढरपूरला जाऊन त्याच दिवशी परत येण्याची तुम्हाला सवय आहे. आता सामान बांधून सातारा, महाबळेश्वर, पोलादपूर, चिपळूण आणि कुंभार्ली घाटाने कराड असे वर्तुळ घालून सायकलनेच घरी परतायचे आहे. रजा सहा दिवसांची आहे आणि एकूण अंतर ७०० किलोमीटरच्या आसपास भरते. रोज ११५ ते १२० किलोमीटर जमतील का, सध्याची तीन चकत्यांची गिअरची सायकल सोडून पातळ टायरची रोड बाइक घ्यावी का, आणि निघावे ते हिरवाईसाठी जुलैत की डिसेंबरात, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

मी अनेक वर्षे सोलापूर आणि आसपासच्या सायकलस्वारांच्या लहान तुकड्या घाटांत नेत आलो आहे आणि त्यांच्या सायकली निघण्यापूर्वी स्वतः तपासून देतो. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या पायांत ताकद आहे की नाही, हा इथला खरा प्रश्न नाही. जो माणूस एका दिवसात पंढरपूर करून येतो, त्याचे पाय घाटालाही पुरतात. अडचण हिशेबाच्या एककात आहे. सपाटीवर राहणारा माणूस दिवस किलोमीटरमध्ये मोजतो आणि सोलापूरच्या रस्त्यांवर ते बरोबरच असते. डोंगरात मात्र दिवस दोन गोष्टींनी मोजावा लागतो: किती मीटर चढायचे आहे आणि हातात उजेडाचे किती तास आहेत. हे एकक बदलले की तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी आपोआप मिळतात.

यात काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच मान्य करतो. तुमचे वजन, सायकलचे वजन, सामान किती, सोबत कोणी आहे की एकटे, मुक्काम लॉजवर की तंबूत, यांनुसार माझे आकडे पुढेमागे होतील. म्हणून मी एक ठरावीक माणूस गृहीत धरतो: स्वतःचे वजन ७० किलो, सायकल १५ किलो, सामान आणि पाणी मिळून १० ते १५ किलो. म्हणजे चढावर वाहून न्यायचे एकूण वजन साधारण १०० किलो झाले.

हे १०० किलो १०० मीटर उंच नेण्यासाठी जेवढे काम पायांना करावे लागते, तेवढ्या कामात हीच भरलेली सायकल सपाट डांबरी रस्त्यावर बेताच्या वेगाने पाच ते सहा किलोमीटर जाते. हा आकडा मनात पक्का बसवावा. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आणि पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर आहे. मधला पसरणीचा घाट जेमतेम १२ किलोमीटरचा असला, तरी त्याने घेतलेला दम सपाटीच्या ४० किलोमीटरपेक्षा जास्त असतो. उलट बाजूला पाचगणीहून वाईला उतरताना ही कमाई परत मिळेल असे वाटते, पण वळणावळणाच्या घाटात ती बहुतेक सगळी ब्रेकमध्ये जळून जाते. लहान चढउतारांच्या रस्त्यावर उताराचा वेग पुढच्या चढाला थोडा उपयोगी पडतो, घाटात पडत नाही.

वेळेचा हिशेबही असाच करता येतो. अशी भरलेली सायकल घेऊन न धापता चढणारा सरावाचा माणूस तासाला ३०० ते ४०० मीटर उंची गाठतो. पसरणीला थांबे धरून दोन तास लागतात, आणि घड्याळात दोन तास बसवले नाहीत तर पाचगणीच्या पुढच्या १९ किलोमीटरची घाई होते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि महाबळेश्वरच्या झाडीतल्या रस्त्यावर त्याआधीच अंधारून येते.

आता तुमच्या मार्गाकडे येतो. वर्तुळाची दिशा तुम्ही योग्य निवडली आहे, कदाचित नकळत. सह्याद्रीची पूर्वेची बाजू देशाकडे हळूहळू उतरत येते आणि पश्चिमेची बाजू कोकणात कड्यासारखी कोसळते. त्यामुळे आपण सोलापुरातून, म्हणजे सुमारे ४६० मीटरवरून निघालो की साताऱ्यापर्यंतच्या सव्वादोनशे किलोमीटरच्या आत असलेल्या रस्त्यात अडीचशे-तीनशे मीटर निव्वळ उंची नकळत मिळालेली असते आणि महाबळेश्वरच्या चढाचा जवळजवळ तिसरा हिस्सा तिथेच चढून होतो. तुम्ही हेच वर्तुळ उलटे घातले असते, तर पोलादपूरच्या तळातून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरपर्यंत ४० किलोमीटरमध्ये जवळजवळ १,३०० मीटर चढावे लागले असते. तुमच्या दिशेने तो सगळा उतार आहे आणि कोकणातून वर येण्यासाठी कुंभार्लीचा सुमारे ६०० मीटरचा चढ उरतो. पहिल्याच डोंगरी प्रवासासाठी हा सौदा चांगला आहे.

पहिले दोन दिवस मात्र तुम्ही समजता तसे निव्वळ सपाटीचे नाहीत. पंढरपूरहून पिलीव, म्हसवड, गोंदवले, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव असा साताऱ्याचा रस्ता सुमारे १४० किलोमीटरचा आहे आणि म्हसवड सोडल्यावर माण तालुक्यातली माळराने वर-खाली करत राहतात. सावली कमी, रस्त्याच्या कडेला बाभळी आणि सराटे भरपूर. अख्ख्या वर्तुळात पंक्चरे होतात ती बहुधा इथे, घाटात नव्हे. चहासाठी थांबताना सायकल मातीच्या कडेवर न उतरवता डांबरावरच ठेवावी आणि निघताना टायरवरून हात, शक्यतो हातमोजा घालून, फिरवावा. काटा ट्यूबपर्यंत पोहोचण्याआधीच निघाला तर अर्धा तास वाचतो. पहिला मुक्काम म्हसवडला करावा, दुसऱ्या दिवशी दुपारचे जेवण गोंदवल्याला महाराजांच्या मठात प्रसाद म्हणून घ्यावे आणि संध्याकाळी साताऱ्यात पोहोचावे. गोंदवल्याहून सातारा साठ-पासष्ट किलोमीटर आहे. जेवण पोटभर न करता बेताने करावे, कारण पुढे पुसेगावपर्यंत पुन्हा चढउतार आहेत.

साताऱ्याहून महाबळेश्वरला दोन रस्ते आहेत. महामार्गाने पाचवड, तिथून वाई आणि पसरणी घाट हा एक. मेढा आणि केळघर घाट हा दुसरा. पसरणीचा रस्ता रुंद, चढ एकसारखा, खाली धोम धरणाचे पाणी दिसत राहते आणि चहापाण्याची सोय पावलोपावली आहे. पण शनिवार-रविवारी पर्यटकांच्या मोटारी इतक्या असतात की चढताना मागून येणाऱ्या प्रत्येक हॉर्नला अंग चोरावे लागते. मेढ्याचा रस्ता शांत आणि अंतराने कमी, सुमारे ५५ किलोमीटर, पण केळघरनंतरचा चढ जास्त अंगावर येतो आणि तिथे दुकाने विरळ आहेत. माझा कल मेढ्याकडे आहे, विशेषतः तुमचा तिसरा दिवस शनिवारी येत असेल तर. हा दिवस ५५ किलोमीटरचाच ठेवावा. कागदावर तो आळशी वाटतो. ७०० ते ८०० मीटर चढ धरला की तो सपाटीच्या १०० किलोमीटरच्या घरात जातो.

चौथ्या दिवसाचा उतार हा सगळ्या प्रवासातला सर्वांत धोक्याचा भाग आहे आणि सपाटीवरून आलेले लोक नेमके तिथे निर्धास्त होतात. १०० किलो वजन १,३०० मीटर खाली येताना जी ऊर्जा सुटते, तिच्यात सुमारे चार लिटर गार पाणी उकळेल. तिचा काही भाग वाऱ्यात जातो, उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठते. रिमला घासणारे ब्रेक असतील तर सतत दाबून ठेवल्याने रिम तापते, ट्यूबमधला दाब वाढतो आणि कधी कधी ट्यूब फुटते. डिस्क ब्रेक असतील तर पॅड गुळगुळीत होऊन पकड कमी होते. म्हणून ब्रेक सतत धरून ठेवू नये. सरळ भागात वेग थोडा वाढू द्यावा, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक घट्ट पण एकसारखे दाबून वेग पुरेसा खाली आणावा आणि वळणात ब्रेक सोडून द्यावेत. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते; पडण्याच्या भीतीने फक्त मागचा दाबणारा माणूस मागचे चाक घसरवतो. दर तीन-चार किलोमीटरला रुंद जागा पाहून पाच मिनिटे थांबावे. प्रतापगडाचा फाटा हा त्यातला ठरलेला थांबा. महाबळेश्वरला डिसेंबरच्या सकाळी चांगलीच थंडी असते आणि उतरताना अंग चालत नाही, फक्त वारा लागतो. बोटे बधिर झाली तर ब्रेकवर ताबा राहत नाही. वारा अडवणारे पातळ जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे फक्त या एका सकाळीसाठी घेतले तरी ते वजन वाया जात नाही. उन्हे रस्त्यावर आल्यावरच निघावे.

निघण्यापूर्वी ब्रेकचे रबर नवे घालावेत, जुन्यातला खडा किंवा धातूचा कण रिम खातो. ब्रेकच्या तारा कुठे उसवल्या असतील तर त्याही बदलाव्यात. या कामाला दुकानात फार पैसे लागत नाहीत, पण ते निघण्याच्या आदल्या दिवशी करू नये. नव्या तारा थोड्या ताणतात, त्यामुळे आठवडाभर चालवून पुन्हा कसून घ्याव्यात.

पोलादपूरनंतर मुंबई–गोवा महामार्ग, कशेडी घाट, खेड आणि चिपळूण. या भागाबद्दल मला फारसे सांगण्यासारखे नाही. वाहतूक जड आहे, निसर्ग सुंदर आहे, आणि हा टप्पा उरकायचा म्हणून पहाटे उरकावा. कशेडीला नव्या बोगद्याऐवजी जुना घाटरस्ता सायकलला बरा. कोकणातली दमट हवा मात्र तुम्हाला अनपेक्षित त्रास देईल. सोलापूरच्या कोरड्या उन्हात घाम येतो आणि लगेच वाळतो. तिथे तो अंगावर राहतो आणि शरीर थंड होत नाही. ३० अंशांतही दम लागेल, त्याने घाबरून जाऊ नये. पाण्यात मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएस असावे आणि तहान लागण्याची वाट पाहू नये. चौथा मुक्काम खेडला, पाचवा चिपळूणला. पाचवा दिवस मुद्दाम लहान ठेवला आहे, कारण सहाव्या दिवशी कुंभार्ली आहे.

कुंभार्लीसाठी चिपळूणहून उजाडताच निघून पोफळीपर्यंत अंग गरम करून घ्यावे. घाटात उसाच्या किंवा इतर मालाच्या गाड्या हळू चढत असतात. त्यांच्या मागे धुरात राहण्यापेक्षा दोन मिनिटे थांबून त्यांना पुढे जाऊ द्यावे. माथ्यावर हेळवाकला पोहोचलात की कोयनेच्या काठाने पाटणमार्गे कराडपर्यंत रस्ता बराचसा उताराला लागतो. चिपळूण ते कराड १०० किलोमीटरच्या आतच आहे. दुपारी एकच्या आत माथा गाठला तर कराड जमते, नाहीतर पाटणला थांबावे. यासाठी एक राखीव दिवस हवा.

म्हणजे कराडपर्यंतच सहा दिवस झाले. कराडहून विटा, सांगोला, मंगळवेढा असे सायकलने परत यायचे तर आणखी दोन ते तीन दिवस लागतील, आणि तेही समोरच्या वाऱ्यात. इथेच तुमच्या ऋतूच्या प्रश्नाचे उत्तर येते. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून, हिवाळ्यात साधारण पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून वाहतो. जुलैत निघालात तर साताऱ्यापर्यंत दोन दिवस वारा छातीवर घ्यावा लागेल. डिसेंबरात तोच वारा पाठीशी असतो आणि परतीला समोर येतो. म्हणून जाताना सायकल आणि येताना रेल्वे, हा हिवाळ्यातला शहाणपणाचा मेळ आहे.

जुलै नको याचे मोठे कारण मात्र वारा नाही. सोलापूरला वर्षाकाठी सुमारे साडेपाचशे मिलिमीटर पाऊस होतो. महाबळेश्वरला त्याच्या दहापट, आणि तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलै २०२१ मध्ये अतिवृष्टीने आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला होता आणि त्याच दिवसांत महाड व पाटण तालुक्यांत दरडींखाली वस्त्या गाडल्या गेल्या. दाट धुके, ओली रिम आणि निसरडे डांबर यांत नवख्या माणसाने भरलेली सायकल १,३०० मीटर उतरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हिरवाई हवीच असेल तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा घ्यावा. डोंगर तेव्हाही हिरवे असतात. नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम सुरू होतो आणि पंढरपूर, कराड या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात, मागे दिवा नाही, गाणी मात्र गावभर ऐकू जातील अशी. त्या काळात अंधारात सायकल चालवूच नये. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा आणि ट्रॉलीला बाजूने ओलांडताना उसाची बाहेर आलेली टोके लक्षात घ्यावीत.

आता सायकल. तुमच्याजवळच्या तीन चकत्यांच्या सायकलीची पुढची लहान चकती बहुधा २४ दात्यांची आणि मागची मोठी २८ दात्यांची असेल. त्या गिअरवर पॅडल एकदा फिरवले की सायकल पावणेदोन मीटर पुढे जाते आणि मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी साडेसहा किलोमीटरच्या आसपास राहतो. ६ टक्क्यांच्या चढावर हा वेग तुम्ही दोन तास टिकवू शकाल. दुकानातल्या बऱ्याच रोड बाइकला पुढे लहानातली चकती ३४ आणि मागे मोठ्यातली २८ असते. तिथे एका फेरीला अडीच मीटर अंतर जाते, म्हणजे त्याच ६० फेऱ्यांना ताशी नऊ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने १०० किलो वर ढकलावे लागतात. ते जमत नाही, मग फेऱ्या ४० वर येतात आणि दुसऱ्या दिवशी गुडघे बोलू लागतात. त्यात पातळ टायरना म्हसवडचे काटे आणि कोकणचे खड्डे. नवी सायकल घेऊ नका. असलेल्या सायकलीला ४० मिलिमीटरच्या आसपासचे, गुळगुळीत नक्षीचे टायर, मजबूत कॅरिअर आणि आरे तपासलेले मागचे चाक एवढा खर्च पुरे. या सायकलच्या मापाची ट्यूब तालुक्याच्या गावात मिळते, ही सोय महागड्या सायकलीला नाही.

सामान मागच्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना, खाली आणि समतोल बांधावे. पाठीवर काही घेऊ नये. चढावर पाठ तापते आणि बसण्याची जागा दुखते. दोन ट्यूब, पंप, पंक्चरचे सामान, ब्रेकची एक तार, चेनची जोडकडी, काही आरे आणि रबरांची एक जोडी पुरते. खाण्यासाठी सोलापूरकराला बाहेर शोधायला नकोच: कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आठवडाभर टिकते, वजनाला हलकी असते आणि केळघरसारख्या ठिकाणी दुकान बंद असले तरी चढ अडत नाही.

आता सराव. रोजचे ३० किलोमीटर चालू राहू द्यावेत, पण त्याने घाटाची तयारी होत नाही. आपल्याला जवळचा खरा चढ म्हणजे तुळजापूरचा घाट. सोलापूरहून तुळजापूर ४५ किलोमीटर आहे आणि बालाघाटाच्या रांगेवरचा तो चढ गावाच्या तोंडाशीच येतो. प्रवासाला नेणार तेच सामान, तेवढेच पाणी बांधून एका रविवारी भल्या पहाटे निघावे. घाट लहान आहे, म्हणून खाली उतरून तो तीनदा चढावा आणि प्रत्येक उताराला वर सांगितल्याप्रमाणे ब्रेक वापरून पाहावेत. तिसऱ्या वेळी बसल्या जागेवरून, उभे न राहता, बोलता येईल इतक्या दमात चढता आले तर पसरणी किंवा केळघर तुम्हाला अवघड जाणार नाही. न आल्यास पायांना दोष देण्याआधी सामान काढून पाहावे. बहुतेक वेळा तीन-चार किलो निरुपयोगी वस्तू निघतातच. दुसऱ्या दिवशी सोमवारी पुन्हा सायकल चालवावी, थकलेल्या अंगाने. प्रवासात रोजच तसे असते.

परतीच्या रेल्वेबद्दल. कराडहून मिरज आणि मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडीमार्गे सोलापूरकडे लोहमार्ग आहे. सायकल प्रवाशाच्या डब्यात घेता येत नाही. तिकीट दाखवून पार्सल कार्यालयात लगेज म्हणून नोंदवावी लागते आणि ती गाडीच्या लगेज व्हॅनमधून येते. ज्या गाडीला स्थानकात दोनच मिनिटे थांबा आहे, तिच्यात सायकल चढेल याची खात्री धरू नये, म्हणून कराडपेक्षा मिरजेसारख्या मोठ्या स्थानकात चढवणे सोपे जाते. गाडीच्या वेळेच्या किमान दोन तास आधी पोहोचावे, पॅडल काढून घ्यावेत, हँडल आडवे करावे, गिअरचा मागचा भाग गोणपाटात गुंडाळावा आणि नाव, दूरध्वनी व उतरण्याचे स्थानक ठळक लिहून दोन ठिकाणी बांधावे. दिवा, पंप आणि पाण्याच्या बाटल्या सायकलवर ठेवू नयेत. सोलापूरला उतरल्यावर लगेच व्हॅनकडे जावे आणि पावतीवरचा क्रमांक जुळवून, चाके फिरवून पाहूनच फलाट सोडावा.